लाकडाच्या धुराची धुरी: हरणाच्या शिकारीला जाण्याआधी वाचा

नमस्कार. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या आमच्या छोट्या दुकानातून तुम्ही धुरी-डबा, म्हणजे शिकारीच्या कपड्यांना लाकडाचा धूर द्यायचा भात्याचा डबा घेतलात. सोबत ओक आणि सफरचंदाच्या लाकडाचे तुकडे आहेत, आणि एका पुडीत कापसासारखं काहीतरी आहे. ती पुडी फेकू नका, तिच्याबद्दल पुढे सांगतो.

पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असतो: कपड्यांना धूर दिला की हरणाला माणसाचा वास येत नाही का? येतो. खमंग फोडणीतही आपल्याला हिंग वेगळा कळतो आणि मोहरी वेगळी, आणि हरणाचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. इथलं व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीचं) हरीण नाक चाटून ओलं ठेवतं, कारण ओल्या नाकावर वास चांगला धरला जातो. त्यामुळे ‘वास झाकतो’ असं आम्ही डब्यावर छापलेलं नाही.

मग धुराने होतं काय? घामाला स्वतःचा वास फारसा नसतो. त्यावर कातडीवरचे जिवाणू वाढले की तो येतो. लाकडाच्या धुरातली फिनॉलसारखी द्रव्यं या जिवाणूंना मारक असतात, मासे-मांस धुरावर टिकतं ते काही अंशी याचमुळे. म्हणजे वास थोडा उगमापाशीच कमी होतो. दुसरं कारण आम्हाला जास्त पटतं. इथे नोव्हेंबरात शेतावरच्या घराघरांत लाकडाची शेगडी पेटलेली असते. हरीण त्या धुरात लहानाचं मोठं होतं, त्याला तो वास धोक्याचा वाटत नाही. जिथे मैलोन्‌मैल घर नाही अशा जंगलात मात्र हा फायदा कमी मिळेल.

आधी कपडे धुवा. हे आपल्या लोकांना मुद्दाम सांगावं लागतं. जाकीट स्वयंपाकघराशेजारच्या खुंटीवर टांगलेलं असेल तर त्यात वर्षभराची फोडणी बसलेली असते. बिनवासाच्या साबणाने धुऊन बाहेर वाळवा. त्या दिवशी डोक्याला खोबरेल नको. आणि हो, दर हंगामात कुणीतरी विचारतंच: उदबत्तीचा धूर चालेल का? नाही चालणार. चंदन आणि कापूर विस्कॉन्सिनच्या रानात कुठून येणार!

धुरी अशी द्या. डब्यात थोडे तुकडे पेटवा, धग धरली की वर वाळलेली पानं टाकून झाकण लावा आणि भाता हलकेच चालवा. ज्वाळा नको, पांढरा, गार धूर हवा. कपडे उलटे करून दोरीवर टांगा, डबा तीन-चार फुटांवर ठेवा, दहा मिनिटांनी सुलटे करून पुन्हा दहा मिनिटं. टोपी, हातमोजे आणि पिशवी विसरू नका, बुटांनाही द्या. मग सगळं झाकणाच्या खोक्यात बंद, ते थेट रानात पोचल्यावरच उघडायचं. लोकर धूर छान धरते. पॉलिएस्टरला ठिणगीने भोक पडतं, ते लांब टांगा. बंदुकीला धुरी देऊ नका, धुरातल्या आम्लाने लोखंड गंजतं. नारिंगी जाकिटालाही बेताचीच द्या. बंदुकीच्या हंगामात कंबरेच्या वरचे निम्मे बाह्य कपडे भडक नारिंगी किंवा गुलाबी असणं इथे कायद्याने सक्तीचं आहे, काजळी धरलेलं जाकीट दुसऱ्या शिकाऱ्याला दिसलं नाही तर काय उपयोग.

चीडचं लाकूड काजळी धरतं, ते टाळा. रंगवलेलं, प्लायवूड किंवा कीडनाशक पाजलेलं लाकूड कधीच जाळू नका. सरपणात पॉयझन आयव्हीची (अंगाला खाज आणि फोड आणणारी) वेल आली नाही ना, हे नीट बघा. तिचा धूर छातीत गेला तर दवाखाना गाठावा लागतो.

गॅरेज, तंबू, शिकारीला लपून बसायचा आडोसा, अपार्टमेंटची बाल्कनी यांपैकी कुठेही डबा पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पेटता डबा मचाणावर नेऊ नका. निखारे पाण्याने विझवूनच राख झाकणाच्या लोखंडी बादलीत टाका. दम्याचा त्रास असलेल्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावं.

आता ती पुडी. त्यात मिल्कवीडच्या शेंगेतली म्हातारी आहे, आपल्या रुईच्या म्हातारीची चुलत बहीणच. मचाणावर बसल्यावर एकेक तंतू सोडा आणि कुठे जातो ते बघत राहा. वारा तुमच्याकडून हरणाकडे वाहत असेल तर कितीही धूर घेतलेला असो, जागा बदला. सकाळी ऊन चढलं की उताराची हवा वर सरकते, संध्याकाळी गार होऊन दरीत उतरते. राज्याच्या नैऋत्येला ड्रिफ्टलेस नावाचा भाग आहे, तिथल्या टेकड्यांत हे फार जाणवतं. सकाळची जागा संध्याकाळी घेतली आणि नर हरीण खालून फुरफुरत निघून गेलं, ही आमची स्वतःची पहिल्या वर्षाची कमाई. धुरीला शंभरात दहा गुण दिले तर वाऱ्याला नव्वद.

परवान्याचं थोडक्यात: १ जानेवारी १९७३ रोजी किंवा नंतर जन्मलेल्यांना विस्कॉन्सिनमध्ये परवान्याआधी शिकारी-प्रशिक्षण लागतं. एच-१बीसारख्या नोकरीच्या व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने एरवी बंदूक बाळगता येत नाही. वैध शिकार-परवाना हा त्यातला एक अपवाद आहे, म्हणून आधी वकिलाला विचारा. भारतात हा डबा आम्ही पाठवत नाही. तिथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार गुन्हा आहे, ‘गावाकडे काकांना द्यायचाय’ म्हटलंत तरी उत्तर तेच.

भात्याचं चामडं दोन हंगामांत कडक होतं. फाटलं तर डबा घेऊन या, भाता बदलून देऊ. येताना राख मात्र झाडून आणा.