पार्श्वभूमी : ‘युनिक्स’ हे नाव आणि त्याभोवतीचे नियम

उत्पादनाच्या नावाला अनेकवचन नको, मालकी दाखवणारा प्रत्यय नको, नुसतं नाव नको, पुढे ‘प्रणाली’सारखा शब्द हवाच. तांत्रिक दस्तऐवजांच्या शैलीपुस्तिकांत हे नियम व्याकरणाच्या थाटात दिलेले असतात. प्रत्यक्षात ते छपाई आणि वकिली यांतून आले आहेत, आणि युनिक्स या संगणकाच्या कार्यप्रणालीच्या (ऑपरेटिंग सिस्टीमच्या) बाबतीत हे सरळ दिसतं.

१९६९ मध्ये सुरू झालेल्या या प्रणालीचं नाव आधीच्या मल्टिक्स या प्रणालीच्या नावावर केलेली कोटी आहे. तरी कर्त्यांच्या १९७४ च्या गाजलेल्या निबंधात ते सगळं कॅपिटलमध्ये छापलं गेलं. ट्रॉफ हा छपाईची मांडणी करणारा प्रोग्राम आणि नवं टाइपसेटर यंत्र तेव्हा नुकतंच हाती आलं होतं, आणि स्मॉल कॅप्स (लहान आकारातली कॅपिटल अक्षरं) काढता येतात याची नशा होती, असं कर्त्यांपैकी एकानेच नंतर सांगितलं. पुढे त्याने काही निबंधांत साधं रूप रुजवायचा प्रयत्न केला, पण तो फसला. तोवर कॅपिटल रूप रूढ झालं होतं, नंतर ट्रेडमार्क झालं, आणि ‘युनिक्स हा अमक्याचा ट्रेडमार्क आहे’ ही तळटीप लेखांना व पुस्तिकांना चिकटली.

खरा पेच इथून पुढचा. ट्रेडमार्क सर्वसामान्य नाम झाला तर हक्क जातो, म्हणून तो विशेषणासारखाच वापरा, असा वकिलांचा आग्रह. लिहिणाऱ्यांनी पळवाट काढली : नावातलं एक अक्षर गाळून तिथे तारा टाकायचा. १९९२ मध्ये बर्कली विद्यापीठातल्या युनिक्स-कोडवर उभ्या राहिलेल्या एका छोट्या कंपनीवर युनिक्सच्या तेव्हाच्या मालकांनी दावा केला. तिच्या विक्रीच्या फोन नंबरची अक्षरं ‘इट्स युनिक्स’ अशी जुळत होती, आणि आक्षेपांची सुरुवात त्या नंबरापासूनच झाली. १९९४ च्या सुरुवातीला तडजोड झाली. दरम्यान १९९१ मध्ये युनिक्सच्या धर्तीवरचं लिनक्स आलं होतं आणि ‘युनिक्ससारखी’ हा शब्दप्रयोग दस्तऐवजांत कायमचा बसला. लोकांना नाम हवं होतं, ते त्यांनी वापरलंच.

नंतर उलटा प्रश्न आला. आज्ञांची नावं पहिल्यापासून लहान अक्षरांत, म्हणून वाक्य ‘एलएस’ने (ही फायलींची यादी दाखवणारी आज्ञा) सुरू न करता ‘दी एलएस कमांड’ असं करायची सवय होती. इंग्रजीत लहान अक्षराने सुरू होणाऱ्या आयफोन (२००७) आणि मॅकओएस (हे रूप २०१६ पासून) या नावांमुळे तीच अडचण शीर्षकांत शिरली. शीर्षकात फक्त पहिला शब्द कॅपिटलने सुरू करण्याची पद्धत आता अनेक पुस्तिकांनी घेतली आहे. ती वाचायला सोपी आहे.

देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, त्यामुळे निम्मा वाद आपल्याकडे येतच नाही. उरते विभक्ती. ‘युनिक्सवर’, ‘युनिक्सचा’ हे मराठीत अटळ आहे. दर वाक्यात ‘युनिक्स प्रणालीवर’ कोंबलं की पुस्तिका जड होते. पहिल्या उल्लेखात पूर्ण रूप आणि सुरुवातीच्या पानावर ट्रेडमार्कची नोंद एवढं पुरे. पुढे नावाला बिनदिक्कत प्रत्यय लावावा.