लोणा लागलेल्या भिंतीवरचं चित्र

फ्लॉरेन्समधल्या सान मार्को मठात चित्रकार-भिक्षू फ्रा आंजेलिकोनं १४४१-४२च्या सुमारास येशूच्या क्रूसाचं चित्र रंगवलं. साधारण साडेपाच मीटर उंच, साडेनऊ मीटर रुंद. सावकार कोझिमो दे मेदिचीच्या पैशानं वास्तुकार मिकेलोत्सोनं नव्यानं बांधलेला हा डोमिनिकन पंथाचा मठ १८६९ पासून संग्रहालय आहे. चित्रात क्रूस आहे, दोन्ही चोर आहेत, खाली संतांची रांगही शाबूत आहे. आकाश मात्र निळं नाही, करडं-तांबूस दिसतं. कारण निळा रंग गळून गेला आणि त्याखालचा लालसर हात उघडा पडला. बाकीचे रंग टिकले आणि निळाच का गेला, याचं उत्तर चुन्यात आहे.

चुनखडी सुमारे ९०० अंशांवर भाजली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात टाकला की खदखदतो, विरतो. मग खड्ड्यात पाण्याखाली महिनोन्महिने मुरवायचा, लोण्यासारखा होईपर्यंत. घाई केली तर न विरलेला खडा गिलाव्यात राहतो, पुढे ओल लागली की फुगतो आणि ऐन चेहऱ्यावर खळगा पाडतो.

भिंतीवर आधी सेंटीमीटरभर खडबडीत थर देतात: एक भाग चुना, दोन ते तीन भाग वाळू. त्यावर तीन ते पाच मिलिमीटरचा बारीक गिलावा, तोही एका दिवसात रंगवून होईल तेवढाच. या तुकड्याला इटालियन कारागीर ‘जोर्नाता’, म्हणजे दिवसभराचं काम, म्हणतात. रंग नुसत्या पाण्यात कालवलेला असतो. सरस नाही, डिंक नाही. गिलाव्यातला चुना पृष्ठभागावर येतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो, आणि रंगाचे कण ताज्या चुनखडीच्या स्फटिकांत अडकतात. ओल्या गिलाव्यावरच्या या चित्राला फ्रेस्को म्हणतात. (अजिंठ्याची चित्रं या अर्थानं फ्रेस्को नव्हेत. तिथे माती आणि तुसाचा गिलावा सुकल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग दिले आहेत.)

गिलावा फार ओला असताना कुंचला टेकवला तर चुना उचलला जाऊन रंग गढूळ होतो. सहा-आठ तास उलटून गेल्यावर दिला तर तो पिठासारखा वरच राहतो, बोट फिरवलं की निघतो. चुकलं तर तुकडा खरवडून नव्यानं लिंपायचा. भिंतीवर बाजूनं तिरपा उजेड टाकला की तुकड्यांच्या कडा दिसतात. नंतरचा तुकडा आधीच्यावर किंचित चढलेला असतो, त्यावरून कामाचा क्रम लावता येतो.

आता निळा. अझुराइट हे तांब्याचं निळं खनिज. बारीक वाटलं तर फिकं पडतं, जाडसर ठेवलं तर चुन्याची पातळ साय त्याचे कण धरू शकत नाही. म्हणून ते सरसासारख्या द्रव्यात कालवून सुकल्या गिलाव्यावर देत. सरस कुजला की निळाही गेला.

चुन्यात बसलेले रंगही अमर नाहीत. कोळसा आणि तेलाच्या धुरातला गंधक, जमिनीतून चढणारे क्षार, यांमुळे चुनखडीचा जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, होतो आणि आकारमान जवळजवळ दुप्पट होतं. शिवाय जिप्सम पाण्यात बऱ्यापैकी विरघळतो: लिटरला दोन ग्रॅमहून जास्त. ओल आली की सरकतो, सुकली की रंगाच्या पाठीमागे पुन्हा गोठतो आणि पापुद्रा बाहेर ढकलतो. आपल्याकडे याला भिंतीला लोणा लागला म्हणतात. त्यावर कृत्रिम राळ फासणं हा सगळ्यात वाईट उपाय: छिद्रं बुजतात, ओल आतच कोंडते आणि पुढचा पापुद्रा राळेसकट सुटतो.

४ नोव्हेंबर १९६६च्या पुरानंतर फ्लॉरेन्सच्या भिंतींत हा प्रश्न पेटला. रसायनज्ञ एन्झो फेरोनी आणि चित्रांची दुरुस्ती करणारे दिनो दिनी यांनी दोन टप्प्यांचा उपाय बसवला आणि सान मार्कोतल्या या क्रूसाच्या चित्रावरही वापरला. आधी रंगावर पातळ जपानी कागद, त्यावर अमोनियम कार्बोनेटच्या द्रावणात भिजवलेल्या कागदी लगद्याचा लेप. जिप्समची पुन्हा चुनखडी होते, पण सोबत पाण्यात विरघळणारं अमोनियम सल्फेट तयार होतं. ते तसंच सोडून चालत नाही. म्हणून दुसरा लेप बेरियम हायड्रॉक्साइडचा. आता सल्फेट बेरियमशी जखडतं, आणि बेरियम सल्फेट जिप्समच्या सुमारे हजारपट कमी विरघळतं. ते जागचं हलत नाही. अमोनिया वायू होऊन उडतो. उरलेलं बेरियम हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतं आणि सुटू लागलेले रंगकण पुन्हा बांधतं.

लेपाखालचा भाग हवाबंद ठेवावा लागतो, नाहीतर बेरियम कार्बोनेटची पांढरी धूसर साय पृष्ठभागावरच धरते. आणि जिथे अझुराइट किंवा मॅलाकाइट (तांब्याचं हिरवं खनिज) शिल्लक आहे, तिथे आधी नखाएवढ्या जागी चाचणी घ्यावी लागते. अमोनियम कार्बोनेट तांब्याचे रंग विरघळवतं, सरसही फुगवतं. लगदा उचलल्यावर त्याच्या आतल्या बाजूला निळसर डाग दिसला, तर तो रंग भिंतीवरून आलेला असतो.