अयन की अयान? एका कान्याचा फरक

इंग्रजीत ए, वाय, ए, एन अशी चार अक्षरं लिहिली की लेकराचं नाव ठरलं, असं वाटतं. अडचण येते ती बारशाची पत्रिका मराठीत छापायला देताना. 'य'ला काना द्यायचा की नाही? घरात दोन तट पडतात आणि पाळण्याजवळ 'कुर्रर्र' करायला उभी राहिलेली आत्या विचारते, 'नेमकं म्हणू तरी काय?' मोबाइलवर बाळांच्या नावांची यादी उघडावी, तर तिथे अयन आणि अयान दोन्हींपुढे एकच अर्थ चिकटवलेला: 'देवाची देणगी'.

तो अर्थ दोन्हींचाही नाही. शिवाय ही एकाच नावाची दोन रूपंही नाहीत. ती दोन वेगळ्या भाषांतून आलेली दोन वेगळी नावं आहेत आणि इंग्रजी लिपीत ती योगायोगाने एकमेकांसारखी दिसतात.

अयन हा संस्कृत शब्द आहे. 'इ' म्हणजे जाणे या धातूपासून तो बनला. अर्थ जाणं, वाट, मार्ग. आपण हा शब्द सुटा क्वचितच वापरतो, जोडून मात्र रोज वापरतो: उत्तरायण, दक्षिणायन, रामायण. (उत्तरायणात 'ण' आणि दक्षिणायनात 'न' का, हा प्रश्न चांगल्या चांगल्यांना पडतो. उत्तर शब्दातल्या 'र'मुळे पुढच्या 'न'चा 'ण' होतो. दक्षिण शब्दात 'ष' असला तरी मधला 'ण' आडवा येतो, म्हणून तिथे 'न' तसाच राहतो. 'दक्षिणायण' हे चूकच.) नारायण या नावाची 'नारा म्हणजे पाणी, ते ज्याचं अयन' अशी फोड मनुस्मृतीत दिली आहे. कात्यायन, वात्स्यायन, बादरायण यांना मात्र या घरात आणू नये. त्यांच्यातलं 'आयन' हा वंश सांगणारा प्रत्यय आहे. त्यांचा आणि अयनचा संबंध जोडणं म्हणजे अक्षरशः बादरायण संबंध.

वर्षाची अयनं दोन, प्रत्येक साधारण सहा महिन्यांचं. संक्रांतीला जन्मलेल्या मुलाचं नाव हौसेने अयन ठेवतात, कारण त्या दिवशी उत्तरायण लागतं असं आपण मानतो. आकाशात सूर्य उत्तरेकडे वळतो तो 21 किंवा 22 डिसेंबरला. संक्रांत त्यानंतर तीन आठवड्यांहून अधिक काळाने येते. पृथ्वीचा अक्ष अतिशय सावकाश घुमतो, त्यामुळे ताऱ्यांच्या मानाने अयनबिंदू, म्हणजे सूर्य जिथून वळतो ती जागा, मागे सरकत राहतो. पंचांगकर्ते हा फरक 'अयनांश' या नावाने मोजतात आणि तो आज सुमारे 24 अंश आहे. म्हणून संक्रांतीचा अयन उत्तरायणाच्या मानाने उशिरा आला म्हणायचा. पण त्याच्या नावाला त्याने बाध येत नाही, कारण प्रत्येक मूल कुठल्या ना कुठल्या अयनात जन्मतंच.

मराठवाड्याच्या उन्हात वाढलेल्यांना ही दोन अयनं डोक्यावर दिसतात. सगळा मराठवाडा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे सूर्य आपल्या बरोबर माथ्यावर वर्षातून दोनदा येतो: मे महिन्यात उत्तरेकडे जाताना आणि जुलैत परतताना. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. मेमधला दिवस लातूर, बीड, छत्रपती संभाजीनगर असा दक्षिणेकडून उत्तरेकडे काही दिवसांच्या फरकाने सरकतो. जुलैतला बहुधा ढगांत हरवतो.

आता अयान. हे नाव अरबीतून फारसी आणि उर्दूच्या वाटेने आलं. त्याच्या मुळाशी 'ऐन' म्हणजे डोळा. अयान म्हणजे जे डोळ्यांना दिसतं ते, उघड, स्पष्ट. उर्दू शायरीत ते 'अयाँ' असं नाकात उच्चारलं जातं आणि त्याच्यासमोर 'निहाँ' म्हणजे लपलेलं, ही जोडी हमखास येते. शायर सिराज औरंगाबादींच्या शहरात राहणाऱ्याला हा शब्द परका वाटायचं कारण नाही. पण ज्याला गझलेचा गंध नाही, तोही या शब्दाच्या नातलगांना रोज हाक मारत असतो. 'ऐन उन्हाळ्यात टँकर आला नाही' यातलं ऐन, साहेबांनी केलेला मुआयना, बंदोबस्ताला तैनात केलेले पोलीस, हे सगळे त्याच अरबी धातूचे. ऐना म्हणजे आरसा मात्र त्यांच्यातला नाही. तो फारसी 'आईना'वरून आला.

उर्दूत आणखी एक 'आयान' आहे आणि गोंधळात भर तो घालतो. त्याचा अर्थ मोठी माणसं, दरबारी सरदार. निजामाच्या राज्यात हा शब्द नवा नव्हता. शब्द त्याच धातूचा, पण अर्थ वेगळा आणि तोही अनेकवचनी. सोमाली भाषेत अयान हे मुलीचं नाव असून त्याचा अर्थ भाग्य असा आहे. लेखिका अयान हिरसी अली मूळच्या तिथल्याच. नावांच्या याद्या करणारे हे सगळे अर्थ एका टोपल्यात टाकतात, ढवळतात आणि वर 'संस्कृत' अशी चिठ्ठी लावतात.

संस्कृतात 'अयान' शब्दच नाही, असं मात्र नाही. 'यान' म्हणजे जाणं किंवा वाहन आणि त्याच्याआधी नकाराचा 'अ'. म्हणजे न जाणं, थांबणं. थोडक्यात, संस्कृत म्हणून अयान घ्याल तर अर्थ अयनच्या नेमका उलटा निघतो. जुन्या हिंदी काव्यातला 'अयाना' तर सयानाच्या विरुद्ध, म्हणजे अजाण! तेव्हा अयान ठेवायचं तर सरळ उर्दू नाव म्हणून ठेवावं. त्याचा तिथला अर्थ छान आहे. त्याला ओढूनताणून संस्कृतची वंशावळ जोडायची गरज नाही.

'पण उर्दू नाव आमच्या घरात कसं?' हा प्रश्न मराठवाड्यात तरी विचारू नये. साहेबराव, दौलतराव, फकीरराव ही नावं ज्या वाड्यांत आणि वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालली, त्यांतले साहेब, दौलत आणि फकीर अरबीच. वेरूळच्या मालोजी भोसल्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ यांना नवस केला आणि मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा सांगते. उलट एखाद्या शेख किंवा पठाण कुटुंबाला अयन आवडलं, तर त्यातही वावगं काय?

तिसरं रूपही कानावर येतं, ते म्हणजे आयन, पहिल्याच अक्षराला काना दिलेलं. असं लिहिलंत तर मुलगा वरच्या वर्गात गेल्यावर विज्ञानाच्या पुस्तकात त्याला स्वतःचं नाव भेटेल आणि वर्गमित्र त्याला 'धन आयन, ऋण आयन' म्हणून छळतील. गंमत अशी की हा आयन अयनचा लांबचा भाऊ निघतो. मायकेल फॅरडेने 1834 मध्ये रूढ केलेला हा शब्द ग्रीक आहे, त्याचा अर्थ 'जाणारा', आणि ग्रीक व संस्कृत धातू एकाच प्राचीन मुळाचे. अयन आणि अयान यांच्यात जे नातं नाही, ते अयन आणि रसायनशास्त्रातल्या आयनात आहे.

लोकप्रियतेचं म्हणाल तर अयान पुढे आहे, अयन दुर्मीळ. आपल्याकडच्या शाळांत अयान नावाची मुलं भेटतात, अयन एखादाच. सरोदवादक अयान अली बंगश 1979 साली जन्मले, म्हणजे हे नाव कालपरवाचं नाही. त्याला चलन मिळालं ते अलीकडे. चित्रपट दिग्दर्शक मुखर्जींचं उदाहरण तर या सगळ्या गोंधळाचा नमुनाच आहे. बंगालीत त्यांचं नाव कान्याशिवाय, अयन. इंग्रजीतून ते हिंदी वर्तमानपत्रांत गेलं आणि अयान होऊन बाहेर आलं. बंगालमध्ये अयन चांगलंच रुळलेलं आहे, आपल्याकडे नाही. अमेरिकेत सोशल सिक्युरिटी खातं दर वर्षी बाळांच्या नावांची क्रमवारी जाहीर करतं. 2010 नंतरच्या तिथल्या पहिल्या हजार नावांत 'वाय'पुढे दोन 'ए' असलेलं अयान दिसतं. आपलं सरकार अशी वार्षिक यादी काढत नाही. तेव्हा 'भारतात या वर्षी अमुक क्रमांकावर' असं कुणी छापलं असेल, तर ते त्यांच्या दुकानातलं माप समजावं.

माझा कल विचाराल तर अयनकडे आहे, आणि कारण साधं: उच्चार लहान, अर्थ स्वच्छ, वर्गात दुसरा सापडत नाही. पण अयन ठेवणाऱ्यांनी एक धोका ओळखावा. इंग्रजीत वाचणारा प्रत्येक जण त्याला अयानच म्हणेल. उलट अयानवाल्यांनी इंग्रजीत 'वाय'पुढे आणखी एक 'ए' वाढवला तर निदान वाचणारा चुकत नाही. हा जादा 'ए' अंकशास्त्रासाठी घालण्यापेक्षा उच्चारासाठी घातलेला बरा.

कागदपत्रांचं मात्र आधीच बघा. जन्माची नोंद बाळाच्या नावाशिवायही होते. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली नाव 12 महिन्यांच्या आत फुकट घालता येतं आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. म्हणजे घाई नसते. दाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हींत निघतो, तेव्हा नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नाव तोंडी सांगू नका, काना असलेलं किंवा नसलेलं कागदावर लिहून द्या आणि छापण्याआधी पडद्यावर मराठी रकाना स्वतः वाचा. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्मतारखेचा पुरावा हाच दाखला आहे. आधारवरचं नाव दोनदाच बदलता येतं. शाळेच्या जनरल रजिस्टरला चुकीचा काना चढला, तर तो टी.सी.वर उतरतो. आणि दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत चूक पोचली, तर छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी आणि हिंगोलीवाल्यांचा अर्ज संभाजीनगरच्या विभागीय मंडळाकडे जातो, लातूर, नांदेड आणि धाराशिववाल्यांचा लातूरच्या, आणि तोही शाळेमार्फत.