महामार्ग रुंदीकरण : हरकती व जनसुनावणी (सातारा व सांगली जिल्हे)

महामार्गाचे चौपदरीकरण किंवा सहापदरीकरण करताना होणारी पाहणी, आखणी, भूसंपादनाची अधिसूचना आणि त्यावर लोकांचे म्हणणे ऐकण्याची प्रक्रिया. सातारा जिल्ह्यातून पुणे–बेंगळुरू महामार्ग (राष्ट्रीय महामार्ग ४८, पूर्वीचा ४) खंबाटकी घाट, सातारा, कराड असा जातो, पुढे तो सांगली जिल्ह्याच्या पश्चिम भागातून कोल्हापूरकडे उतरतो. मिरजेवरून रत्नागिरी–नागपूर महामार्ग (१६६) जातो. या दोन रस्त्यांच्या कडेच्या गावांना मोजणी, हरकत, निवाडा (मोबदला ठरवणारा निर्णय) हे शब्द तोंडपाठ आहेत.

रस्ता वाढवण्याची गरज बहुधा खरी असते. खंबाटकीच्या जुन्या बोगद्यापुढील एस आकाराच्या वळणावर वर्षानुवर्षे अपघात होत आले. ते वळण टाळण्यासाठीच तिथे प्रत्येकी तीन पदरांच्या जोड बोगद्याचे काम हाती घेण्यात आले. वाद रस्ता हवा की नको याचा क्वचितच असतो. तो कुठून जावा, किती उंच भरावावरून जावा आणि गावाला पलीकडे जायला वाट कुठे ठेवावी, याचा असतो.

या गोष्टी ठरतात सविस्तर प्रकल्प अहवालात. सल्लागार कंपनी वाहनांची मोजदाद करते, पर्यायी आखण्या तपासते, भुयारी मार्ग, सेवा रस्ते व मोऱ्यांच्या जागा नकाशावर टाकते. या टप्प्यावर ग्रामस्थांशी बोलणी झाली तर बदल स्वस्तात होतो, पण गावाला बहुतेक वेळा रस्त्याचा पत्ता लागतो तो मोजणीचे दगड रोवले जाताना.

राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ नुसार कलम ३ए खाली जमीन घेण्याचा इरादा राजपत्रात जाहीर होतो. त्याचा गोषवारा दोन स्थानिक वृत्तपत्रांत येतो, त्यांपैकी एक स्थानिक भाषेतील असावे लागते. अधिसूचनेपासून २१ दिवसांत हितसंबंधित व्यक्तीने लेखी हरकत नोंदवायची असते (कलम ३सी). सक्षम प्राधिकारी, म्हणजे बहुधा प्रांत किंवा भूसंपादन अधिकारी, हरकतदाराला स्वतः किंवा वकिलामार्फत म्हणणे मांडू देतो; त्याचा आदेश अंतिम असतो. कलम ३डीची, म्हणजे जमीन संपादित करण्याची, घोषणा प्रसिद्ध होताच जमीन केंद्र सरकारकडे निहित होते, म्हणजे त्याच्या मालकीची होते. ही घोषणा ३ए नंतर वर्षभरात झाली नाही, तर मूळ अधिसूचना निष्प्रभ ठरते.

‘जमीन देणार नाही’ एवढेच लिहिलेली हरकत सहसा फेटाळली जाते. गट नंबर, सातबारा आणि नेमके नुकसान दाखवणारी हरकत वजनदार ठरते. कृष्णाकाठी याचे नेहमीचे उदाहरण पाण्याच्या पाइपलाइनचे. उपसा सिंचनाची लाइन नदीकडून येते, रस्ता मधून गेला की विहीर अलीकडे आणि ऊस पलीकडे राहतो. भराव पडण्यापूर्वी रस्त्याखाली मोठ्या व्यासाचा पाइप टाकून ठेवला नाही, तर नंतर चालू महामार्ग खोदायला परवानगी मिळवताना हंगाम जातो. भुयारी मार्गाची उंचीही अशीच. उसाने भरलेली ट्रॉली त्यातून निघाली नाही, तर ट्रॅक्टर लांबच्या चौकापर्यंत उलट दिशेने हाकला जातो आणि त्यातून अपघात होतात.

पर्यावरणविषयक जनसुनावणी ही वेगळी बाब आहे. ती २००६ च्या पर्यावरणीय प्रभाव मूल्यांकन अधिसूचनेखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाहून कमी नसलेला प्रतिनिधी असतो. किमान ३० दिवस आधी जाहीर नोटीस, मराठीतून सारांश आणि कामकाजाचे चित्रीकरण बंधनकारक आहे. गणपूर्तीची अट मात्र नाही, त्यामुळे रिकाम्या मांडवातही सुनावणी पूर्ण होते. शिवाय २०१३ च्या दुरुस्तीनंतर १०० किमीपेक्षा लांब आणि ठरावीक रुंदीहून अधिक जमीन लागणारे विस्तारीकरणच पर्यावरण मंजुरीच्या कक्षेत राहिले. परिणामी अनेक रुंदीकरणांत ही सुनावणी होतच नाही, आणि ही या व्यवस्थेतील सर्वांत मोठी उणीव आहे.

औपचारिक वाट बंद झाल्यावर लोक रस्त्यावर येतात. मिरज तालुक्यातील भोसे येथे सुमारे ४०० वर्षांचा मानला जाणारा वड महामार्ग १६६ च्या कामात जाणार होता. २०२० मध्ये पर्यावरणप्रेमींनी आंदोलन केले, राज्याने केंद्राकडे पाठपुरावा केला आणि झाड वाचवण्यासाठी आखणी बदलण्यात आली. (तो वड पुढे २०२२ मध्ये उन्मळून पडला.) झाडाची नोंद पाहणीतच झाली असती, तर त्यासाठी दिल्लीपर्यंत जावे लागले नसते.

नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्गाबाबत सांगलीच्या शेतकऱ्यांनी मोजणीलाच विरोध केला. हा मूळ आखणीनुसार सुमारे ८०२ किमीचा नियोजित रस्ता राज्याचा असून त्याचे भूसंपादन महाराष्ट्र महामार्ग अधिनियम, १९५५ खाली होते. बागायती जमिनीइतकाच इथला आक्षेप पुराचा आहे: २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या कृष्णा-वारणा पट्ट्यात उंच भराव आडवा आला की पाणी तुंबते. अशा ठिकाणी भरावाऐवजी खांबांवरचा रस्ता मागणे रास्त आहे.

मोबदल्याला १ जानेवारी २०१५ पासून २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे निकष लागू आहेत, पण त्याच कायद्यातील सामाजिक परिणामांचा अभ्यास राष्ट्रीय महामार्गांच्या संपादनाला लागू नाही. निवाड्याची रक्कम मान्य नसल्यास केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे जाता येते. तिथे फक्त रकमेचा प्रश्न ऐकला जातो, आखणीचा नाही.