शेवाळ कुजतं, रंग उरतो

"शेवाळ कुजलं की संपलं. तळं पूर्वी कसं होतं, हे आता कुणाला कळणार?" असं वर्षानुवर्षं बोललं जातं. ते खरं नाही. मेलेलं शेवाळ तळाशी बसतं, आणि जिथे उजेड व प्राणवायू पोचत नाही अशा गाळात त्यातली काही रंगद्रव्यं हजारो वर्षंही टिकतात.

नळी खुपसून गाळाची उभी कांडी काढतात, मंद उजेडात तिच्या पातळ चकत्या करतात आणि त्या ॲसिटोन या द्रावकात भिजवतात. काळ्या चिखलातून रंगीत अर्क उतरतो! ऑसिलाझँथिन हे रंगद्रव्य तर मोजक्याच नीलहरित शेवाळांत असतं. अमेरिकेतल्या सिएटलच्या वॉशिंग्टन सरोवरात १९५५ मध्ये असं शेवाळ माजलेलं आढळलं. १९६३ ते १९६८ दरम्यान सांडपाणी दुसरीकडे वळवल्यावर पाणी निवळलं. त्या शेवाळाची खूण गाळातल्या ऑसिलाझँथिनमध्ये सापडली.

मात्र उलटी घाईही नको. वरच्या थरात रंग जास्त दिसला म्हणजे शेवाळ वाढलंच असं नाही. ताज्या गाळातला रंग अजून पुरता विघटित झालेला नसतो. डायाटम या सूक्ष्म शेवाळाचं फ्यूकोझँथिन हे रंगद्रव्य तर फार लवकर मोडतं, त्यामुळे ते सापडलं नाही म्हणून डायाटम नव्हतेच, असं म्हणता येत नाही.