आंतरपाटावर थिजलेली सीडी: घरगुती डीव्हीडींची पार्श्वभूमी

चवथीच्या साफसफाईत फोंड्याच्या आमच्या घरी दरवर्षी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा हाती लागतो. आत सतरा डीव्हीडी. डीव्हीडी म्हणायचं आपलं, घरात सगळ्याच चकत्यांना ‘सीडी’ म्हणतात. यंदा मावशीच्या लग्नाची सीडी लावली आणि आंतरपाट धरला तिथेच चित्र थिजलं. चकती 2007 ची, लग्न 1991 चं. म्हणजे बिघडली ती मूळ वस्तू नव्हतीच. ती नकलेची नक्कल होती.

मूळ होती व्हीएचएस कॅसेट. जेव्हीसी कंपनीने हा प्रकार जपानमध्ये 1976 साली आणला. आपल्याकडे 1982 च्या आशियाई खेळांच्या सुमारास रंगीत टीव्ही आला आणि मग व्हिडिओचं वेड पसरलं. गोव्यात आखातातून सुट्टीवर येणाऱ्यांच्या सामानात व्हीसीआर असायचाच. लग्नात शूटिंगवाला आला की मांडवातला उकाडा दुप्पट व्हायचा. एकाच्या खांद्यावर कॅमेरा, दुसऱ्याच्या हातात डोळे दिपवणारा हॅलोजन आणि वायर सांभाळायला तिसरा पोरगा. नंतर स्टुडिओत संकलन व्हायचं, बदामाच्या आकारात वधूवर उमटायचे, विधींवर शहनाई नाहीतर सिनेमातली गाणी चढायची. शूटिंगची मूळ कॅसेट बहुतेकदा पुढच्या लग्नासाठी पुसली जायची. घरी यायची ती संकलित प्रत, आणि तिच्यावरून नातेवाइकांसाठी आणखी प्रती. टेपची प्रत काढली की चित्र दर खेपेला थोडं विरायचं. व्हीएचएसवर आडव्या दिशेने जेमतेम 240 रेषांचा तपशील मावतो, त्यात तिसऱ्या पिढीच्या प्रतीत शालूचे काठ कुठून दिसणार?

मधल्या काळात व्हीसीडी आली. 352 बाय 288 ठिपक्यांचं चित्र, हललं की चौकटी चौकटी. तिच्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

डीव्हीडी जपानमध्ये 1996 च्या नोव्हेंबरात बाजारात आली. कोऱ्या चकत्या स्वस्त व्हायला पुढे काही वर्षं गेली. भारतात त्या ढिगाने बनवणारी मोझर बेअर पुढे 2018 मध्ये दिवाळखोरीत निघाली, पण 2005-06 च्या सुमारास म्हापसा, मडगाव, फोंडा, कुठल्याही बाजारात ‘कॅसेटची सीडी करून मिळेल’ अशी पाटी दिसायची. लोकांनी कॅसेट दिल्या, चकत्या आणल्या आणि बुरशी धरलेल्या कॅसेट फेकून दिल्या. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ती. एका थराच्या डीव्हीडीवर 4.7 जीबी, म्हणजे चांगल्या दर्जाचं सुमारे दोन तासांचं चित्रीकरण बसतं. स्टुडिओवाले एकाच चकतीत चार तासांचं लग्न कोंबायचे. अक्षतांचा वर्षाव सुरू झाला की पडद्यावर नुसती चिखलकाला व्हायची.

शिवाय घरगुती डीव्हीडी ही दुकानातल्या सिनेमाच्या डीव्हीडीसारखी नसते. कारखान्यातल्या चकतीत खाचा साच्यानेच उमटवलेल्या असतात. आपल्या डीव्हीडी-आरमध्ये, म्हणजे कोरी आणून लिहायच्या चकतीत, दोन प्लास्टिक थरांच्या मध्ये सेंद्रिय रंगाचा पापुद्रा असतो आणि लेझर त्यावर डाग पाडतो. ऊन, उष्णता, दमटपणा यांनी तो रंग बदलत जातो. अमेरिकेच्या एनआयएसटी या मोजमाप-प्रमाणं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने 2003 च्या पुस्तिकेत चकत्यांसाठी 20 ते 50 टक्के आर्द्रता सुचवली आहे. गोव्यात आषाढात 80 टक्के म्हणजे कोरडा दिवस! आमच्या चकतीवर तर स्टुडिओने वधूवरांचा फोटो छापलेलं स्टिकर चिकटवलं होतं. ते एका कडेने सुटलं, त्यामुळे चकती फिरताना डुगडुगायची.

टेप हळूहळू मरते, आधी खरखर, मग रेघा. चकतीचं तसं नाही. वाचताना आलेल्या चुका प्लेअर गणिताने दुरुस्त करत राहतो, त्यामुळे वर्षानुवर्षं काही कळतच नाही. चुका हाताबाहेर गेल्या की थेट थिजते.

याचीच दुसरी बाजू अशी की डीव्हीडीची प्रत, टेपच्या उलट, शेवटच्या बिटपर्यंत मूळच असते. ते आम्हाला उमगलं नव्हतं. मोबाईलवर टीव्हीचा पडदा चित्रित करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणं याला आम्ही कॉपी म्हणत होतो. खरं तर यूएसबीचा बाहेरून जोडायचा ड्राइव्ह घ्यावा आणि अख्ख्या चकतीची आयएसओ फाइल, म्हणजे चकतीची एकाच फाइलमधली जशीच्या तशी नक्कल, करावी. घरगुती चकतीला सिनेमासारखं नक्कल रोखणारं कुलूप नसतं. आतल्या व्हिडिओ_टीएस फोल्डरमधल्या व्हीओबी नावाच्या चित्रफिती एकेक जीबीपर्यंतचे तुकडे असतात, म्हणून सुटी फाइल उचलली की लग्न मधेच तुटतं. मेकएमकेव्हीसारखं सॉफ्टवेअर चित्र पुन्हा न दाबता ते सलग जोडून देतं. फोनसाठी लहान प्रत वेगळी करावी, पण आयएसओ पुसू नये. ती दोन हार्ड डिस्कवर ठेवावी, त्यातली एक दुसऱ्या घरी. कॅमेऱ्यातल्या 8 सेंटिमीटरच्या छोट्या चकत्या असतील तर त्या ‘फायनलाइझ’ केलेल्या, म्हणजे रेकॉर्डिंग संपवून बंद केलेल्या, आहेत का ते आधी बघावं, नाहीतर दुसऱ्या यंत्राला त्या कोऱ्याच वाटतात.

नव्या चकतीवर उतरवायचा विचार मी सोडून दिला. शेवटचा मोठा व्हीसीआर उत्पादक फुनाई 2016 मध्ये थांबला, आणि सोनीने 2025 च्या फेब्रुवारीत डीव्हीडीनंतर आलेल्या, रेकॉर्ड करायच्या ब्ल्यू-रे चकत्याही बंद केल्या.

आमची चकती डीडीरेस्क्यूने वाचली. हा प्रोग्राम आधी सुखरूप भाग उचलतो आणि मग खराब जागी पुन्हा पुन्हा जातो. स्टिकर तसंच ठेवलं, सोलताना चकतीचा थरच निघायची भीती. रात्रभर घरघर चालली होती. सकाळी आंतरपाटाचा प्रसंग पूर्ण मिळाला. आजोबा मंगलाष्टकं म्हणताहेत, ओठ स्पष्ट हलताहेत, आणि ऐकू येते ती स्टुडिओने 1991 साली चढवलेली शहनाई.