क्रेन किती टनांची, हे शेवटी विचारा

बंगळुरूचं एक्सकॉन किंवा ग्रेटर नोएडाचं बाउमा कॉनएक्स्पो हे बांधकाम यंत्रांचं प्रदर्शन पार पडलं की पुढचे काही आठवडे आम्हा क्रेन भाड्यानं देणाऱ्यांना एकच विचारणा येत राहते: "तिथं पाहिली तशी नवी 50 टनी क्रेन एक दिवस हवी, दर सांगा." दर लगेच सांगता येतो, पण काम होईल की नाही हे एवढ्यावरून सांगता येत नाही. मग क्रेन साइटवर येते, जॅक (क्रेनला बाजूंनी आधार देणारे पाय) लागतात, बूम (क्रेनचा लांब होणारा हात) निघते, एसएलआयचा, म्हणजे जादा भाराचा इशारा देणाऱ्या यंत्राचा, भोंगा वाजायला लागतो आणि माल जागचा हलत नाही. शिफ्टचे पैसे मात्र लागतात.

बूमवर रंगवलेला आकडा साधारण 3 मीटर त्रिज्येचा, म्हणजे क्रेनच्या मध्यापासून हूकपर्यंतच्या आडव्या अंतराचा, असतो. बूम पूर्ण आखडलेली, चारही जॅक पूर्ण बाहेर, जमीन सपाट. इतक्या जवळ कोणाचंच काम नसतं. तीच 50 टनी ट्रक क्रेन 18 मीटर त्रिज्येवर, मॉडेलनुसार, चार-पाच टनांवर येते. यात क्रेनची खोट नाही. वजन जितकं लांब, तितकं ते क्रेनला उलथवायला बघतं. म्हणून टन विचारण्याआधी त्रिज्या मोजा.

ती चुकते कुठे? बहुतेक जण टेप क्रेनच्या बाजूपासून किंवा इमारतीच्या भिंतीपासून लावतात. त्रिज्या मोजायची ती क्रेन ज्या मध्यबिंदूभोवती फिरते तिथून, हूकच्या थेट खालच्या बिंदूपर्यंत, आडवी. 50 टनी क्रेनचे जॅक पूर्ण उघडले की रुंदी सातेक मीटर होते. म्हणजे जॅक कंपाउंड वॉलला टेकवला तरी मध्यबिंदू साडेतीन मीटर अलीकडेच राहतो. शिवाय भार आला की बूम वाकते आणि हूक थोडा बाहेर सरकतो. काठावरचा हिशेब तिथंच बिघडतो.

एक नेहमीचं काम घ्या. सात मजली इमारत, गच्ची 24 मीटरवर, कठडा 1.2 मीटर, चिलर (एसीसाठी पाणी थंड करणारं यंत्र) 3.2 टनांचा, त्याचा चौथरा गच्चीच्या कडेपासून 8 मीटर आत. "सव्वातीन टनांना 25 टनी भरपूर झाली," असं वाटतं. आता वजन बघा. हूक ब्लॉक 500 किलो, स्प्रेडर (बेल्ट फाकवून धरणारी दांडी), बेल्ट आणि शॅकल (जोडकडी) मिळून 300 किलो. हे सगळं क्रेनच उचलते, म्हणून चार्टवर, म्हणजे बूमची लांबी आणि त्रिज्येनुसार क्रेन किती उचलते त्या तक्त्यावर, 4 टन धरायचे. पुढे बूम. क्रेन इमारतीच्या जवळ, मध्यबिंदू कडेपासून साडेसात मीटरवर उभी केली, तर कठड्यावरून मीटरभर अंतर राखून चौथऱ्यापर्यंत पोहोचायला सरळ बूम पन्नास मीटरच्या वर लागते. त्याहून छोटी बूम कठड्यावर जाऊन टेकेल. क्रेन मागे घेऊन मध्यबिंदू 12 मीटरवर आणला, तर बूम 44 मीटरच्या आसपास पुरते, पण त्रिज्या 20 मीटर होते. चार्टवर बघायचं ते हे: 44 मीटर बूम, 20 मीटर त्रिज्या, 4 टन. 50 टनी क्रेनच्या चार्टवर हे बहुधा बसत नाही, 80 टनीपासून पुढे बघावं लागतं. रस्ता तेवढा रुंद नसेल तर फ्लाय जिब (बूमच्या टोकाला जोडायचा जादा हात) लावायचा, किंवा चिलर सुट्या भागांत चढवायचा. हे आदल्या दिवशी कळलं तर एक फोन पुरतो. क्रेन येऊन उभी राहिल्यावर कळलं तर दुसरी क्रेन, दुसरा दिवस, आणि रस्त्यासाठी वाहतूक पोलिसांची परवानगी नव्यानं.

म्हणूनच आम्ही जागा पाहिल्याशिवाय पक्कं कोटेशन देत नाही. काहींना ही टाळाटाळ वाटते, काही जण दुसरीकडून फोनवरच दर घेतात. पण सर्व्हेला गेलेला तास हाच कामातला सगळ्यात स्वस्त तास असतो. मुंबईत आम्ही त्याचे पैसे घेत नाही आणि चार्टवर खूण करून ते पान तुम्हाला देतो.

सर्व्हेत आम्ही वरपेक्षा खाली जास्त बघतो. भार एका कोपऱ्यावर फिरला की बराचसा भार एकाच जॅकवर येतो. समजा तो 30 टन झाला आणि 60 बाय 60 सेंटिमीटरची जॅक प्लेट थेट जमिनीवर ठेवली, तर दाब चौरस मीटरला 83 टनांच्या घरात जातो. भरावाच्या जमिनीला 15 टनसुद्धा जड जातात. त्याच जॅकखाली दीड बाय दीड मीटरचं जाड मॅट टाकलं की दाब 13-14 टनांवर येतो. मुंबईत धोका दिसत नाही अशा जागी असतो: पेव्हर ब्लॉकखालचं गटार, केबलचा नुकताच बुजवलेला चर, पाण्याच्या टाकीचं झाकण. पोडियमवर, खाली पार्किंगचं तळघर असेल, तर स्ट्रक्चरल कन्सल्टंटचं पत्र मिळाल्याशिवाय आम्ही जॅक लावत नाही. पावसाळ्यात काल धरलेली जमीन आज धरेलच असं नाही.

नव्या यंत्रांचा इथं उपयोग आहे, त्याची मर्यादाही आहे. प्रदर्शनात दिसणाऱ्या बऱ्याच नव्या क्रेनमध्ये प्रत्येक जॅक किती बाहेर आहे हे संगणक वाचतो आणि त्या बाजूला किती उचलता येईल ते ठरवतो. अरुंद गल्लीत हे फार कामाचं. पण जॅकखाली गटार आहे की खडक, हे त्याला कळत नाही. 1 जानेवारी 2025पासून लागू झालेल्या सीईव्ही (बांधकाम यंत्रं) स्टेज 5 प्रदूषण मानकांच्या नव्या इंजिनांत धुराचा फिल्टर असतो. तो स्वच्छ होत असताना ऑपरेटरनं थांबायला सांगितलं तर मध्येच इंजिन बंद करायला लावू नका.

पुनर्विकासाच्या चिंचोळ्या जागेसाठी स्पायडर क्रेनची, म्हणजे कोळ्यासारखे पाय पसरणाऱ्या छोट्या क्रेनची, चौकशी वाढली आहे. पाऊण मीटर रुंदीची, साध्या दारातून जाणारी 2.8 टनी क्रेन उत्तमच, पण तिचे 2.8 टन 1.4 मीटरवर असतात. पूर्ण पोहोचेवर वजन किलोंत मोजावं लागतं. हायड्राचंही, म्हणजे माल उचलून चालणाऱ्या क्रेनचंही, तसंच. उभ्यानं उचलण्याचा आणि माल घेऊन चालण्याचा चार्ट वेगळा असतो, आणि पुढचा भाग वळवला की क्षमता आणखी घटते. मागे केबिन असलेल्या जुन्या हायड्रात ऑपरेटरला बूमपलीकडचा माणूस दिसत नाही. आम्ही पुढे केबिन असलेलीच पाठवतो, दर थोडा जास्त पडतो.

माल बांधायचे बेल्ट तुमचे वापरायचे असतील तर लेबल शाबूत हवं. रंग ठरलेले आहेत: जांभळा 1 टन, हिरवा 2, पिवळा 3, करडा 4, लाल 5. हे आकडे सरळ उभ्या उचलीचे. दोन पायांची स्लिंग (हूकपासून मालापर्यंत दोन बेल्ट) आडव्याशी 60 अंशांत असेल तर प्रत्येक पायावर मालाच्या वजनाच्या 58 टक्के ताण येतो, 45 अंशांत 71, आणि 30 अंशांत पूर्ण 100. म्हणून खलाशानं, म्हणजे माल बांधणाऱ्यानं, लांब स्लिंग मागितली तर ती द्या.

चौकशी करताना व्हॉट्सॲपवर मालाच्या नेमप्लेटचा फोटो, क्रेन उभी राहील त्या जागेचा आणि वर आकाशाकडे धरून काढलेला फोटो, गच्चीची उंची आणि कडेपासून आतलं अंतर पाठवा. वरच्या फोटोत फांदी आडवी दिसली तर आधी सांगा, कारण ती छाटायला पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि ती एका दिवसात मिळत नाही.